चाँदनीचा लेखक आणि वर्धा

डॉ. झाकिर हुसेन यांचं नाव काढलं की मराठी वाचकाला साधारण तीन गोष्टी आठवतात. देशाचे पहिले मुस्लिम राष्ट्रपती, त्यांचा गुलाबांचा शौक, आणि ‘झाकिर हुसेन समिती, १९३७’ हे डी.एड.च्या विद्यार्थ्यांनी घोकून पाठ केलेलं उत्तर. चौथी गोष्ट उर्दू घरांतल्या लोकांना आठवते, आणि ती पहिल्या तिन्हींपेक्षा जास्त जवळची असते. ती म्हणजे एक बकरी. तिचं नाव चाँदनी.

‘अब्बू खाँ की बकरी’ लिहिणारा माणूस आणि वर्धा शिक्षण योजनेचा मसुदा लिहिणारा माणूस एकच, हे माहीत असूनही आपण या दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवतो. एक बालसाहित्याच्या खोलीत, दुसरा राजकारणाच्या. माझं म्हणणं असं की वर्ध्याची ती योजना नीट समजायची असेल तर आधी बकरीची गोष्ट वाचावी. समितीचा अहवाल नंतर वाचला तरी चालेल.

गोष्ट थोडक्यात सांगतो. अल्मोड्याला अब्बू खाँ नावाचा एकटा म्हातारा राहतो. त्याला बकऱ्या पाळायची हौस. पण पहाडातल्या बकऱ्या त्या, दोर तोडून डोंगरावर पळतात आणि तिथे लांडगा त्यांना खातो. एकामागून एक सगळ्या जातात. म्हातारा कंटाळून ठरवतो की आता बकरी नको, आणि शेवटी एकटेपणाला वैतागून पुन्हा एक आणतोच. पांढरीशुभ्र, देखणी. ही चाँदनी. तो तिला लेकीसारखी वागवतो, चांगलं खाऊ घालतो, पण तिची नजर डोंगरावरून हटत नाही. तिला जायचं असतं. लांडग्याची भीती घालूनही ती ऐकत नाही, तेव्हा तो तिला कोठडीत बंद करतो आणि खिडकी लावायला विसरतो. मग डोंगरावरचा तो एक आनंदाचा दिवस, संध्याकाळी खालून येणारी म्हाताऱ्याची हाक, आणि समोर उभा लांडगा. परत जाऊ शकत असताना चाँदनी जात नाही. रात्रभर लढते. जिंकणार नाही हे तिला ठाऊक आहे. पहाटे खालच्या मशिदीतून अजान ऐकू येते आणि ती कोसळते.

इथे गोष्ट संपू शकली असती. फ्रेंच लेखक अल्फोन्स दोदेच्या मूळ गोष्टीत ती इथेच संपते. दोदेचा ‘माझ्या गिरणीतली पत्रं’ हा संग्रह १८६९ सालचा. त्यात सेगाँ नावाच्या माणसाची बकरी अशीच डोंगरावर जाते, रात्रभर लढते आणि सकाळी लांडग्याच्या पोटात जाते. ती गोष्ट दोदे सांगतो एका कवीला. नोकरी नाकारून मोकळं राहू पाहणाऱ्या कवीला तो चिमटा काढतो आहे, बघ बाबा, मोकळेपणाचा हट्ट धरणाऱ्यांचं काय होतं ते. झाकिर साहेबांनी ही गोष्ट उचलली, हिमालयात आणली, बकरीच्या मालकाला पठाणी वळणाचं नाव दिलं, पहाटेच्या कोंबड्यासोबत अजान घातली. हे सगळं कुठलाही चांगला अनुवादक करतो. पण त्यांनी शेवटी एक झाड आणलं. झाडावर पाखरं बसली आहेत. त्यांच्यात वाद चालला आहे की जिंकलं कोण. बहुतेक पाखरं म्हणतात, लांडगा. एक म्हातारी चिमणी म्हणते, चाँदनी जिंकली.

या एका भरीमुळे गोष्ट उलटी झाली. दोदेच्या गोष्टीचा काटा कवीकडे रोखलेला होता. झाकिर साहेबांनी निकाल मुलावर सोपवला. बहुमत एका बाजूला आहे, एक म्हातारा आवाज दुसऱ्या बाजूला आहे, आता तू ठरव. मुलांच्या गोष्टीत तात्पर्य द्यायची आपल्याकडे जी खोड आहे, तिच्याशी तुलना करून बघा. इथे लेखक तात्पर्य सांगतो असं वाटतं, पण ते पाखराच्या तोंडी घालतो, आणि बाकीची पाखरं मान्य करत नाहीत हेही सांगून टाकतो.

ही गोष्ट आणि तिच्यासारख्या आणखी काही गोष्टी त्यांनी स्वतःच्या नावाने छापल्या नाहीत. लेखिकेचं नाव होतं रुकय्या रेहाना. ही त्यांची मुलगी. ती लहानपणीच गेली. जामियाच्या जुन्या लोकांनी सांगून ठेवलेली आठवण अशी की प्राथमिक शाळेच्या एका कार्यक्रमात झाकिर साहेब मुलांना मिठाई वाटत होते. शिपायाने कानाशी येऊन मुलीची तब्येत बिघडल्याचं सांगितलं, थोड्या वेळाने पुन्हा येऊन ती गेल्याचं सांगितलं. चेहरा उतरला, पण हात थांबला नाही. मुलं खुशीत होती, त्यांचा आनंद मोडायचा नव्हता म्हणे. मला ही आठवण पूर्वी जरा अंगावर यायची. एवढं संयमी असणं बरं नव्हे, असंही वाटायचं. पण मग ही गोष्टींवरची सही बघितली की वाटतं, त्या दिवशी जे बाहेर आलं नाही ते कुठे गेलं याचा पत्ता तिथे आहे. मेलेल्या मुलीच्या नावाने एक बाप इतरांच्या मुलांसाठी गोष्टी लिहितो, आणि त्यातली सगळ्यात चांगली गोष्ट लेकीसारख्या जीवाला घरात कोंडून ठेवता येत नाही याची असते.

बाकीच्या गोष्टी इतक्या गंभीर नाहीत. ‘मुर्गी अजमेर चली’ मध्ये एक कोंबडी थेट अजमेरच्या वाटेला लागते. एका गोष्टीत पुरी कढईतून उडी मारून पळते. ‘उसी से ठंडा, उसी से गरम’ मध्ये लाकूडतोड्या थंडीने गारठलेल्या हातांवर फुंकर मारतो ते गरम व्हावेत म्हणून, आणि भाजलेल्या बटाट्यावर फुंकर मारतो तो गार व्हावा म्हणून. हे बघून एका वीतभर उंचीच्या मिय्याँची बुद्धी चक्रावते. यातल्या कितीतरी गोष्टींची मुळं युरोपात आहेत, इसापात आहेत. झाकिर साहेबांनी त्या लपवायचा आटापिटा केला नाही आणि उर्दूपण ओढूनताणूनही आणलं नाही. स्वयंपाकघरातली भाषा वापरली, एवढंच.

युरोपातला हा शिधा त्यांनी बर्लिनहून आणला. हैदराबादला १८९७ साली जन्म, घराणं उत्तर प्रदेशातल्या कायमगंजचं, शिक्षण इटावा आणि अलिगड. १९२० साली असहकाराच्या हाकेला ओ देऊन ज्या विद्यार्थ्यांनी आणि शिक्षकांनी अलिगडचं कॉलेज सोडलं आणि जामिया मिल्लिया इस्लामिया उभी केली, त्यांत ते होते. पुढे जर्मनीत अर्थशास्त्रात डॉक्टरेट. पण बर्लिनमधली त्यांची मला सर्वात आवडणारी करामत वेगळी आहे. तिथल्या काविआनी छापखान्यात त्यांनी गालिबचा दिवान छापून घेतला, १९२५ साली. खिशात मावेल असा छोटा, सुबक. आणि नुसता छापून घेतला नाही, खिळे जुळवायलाही स्वतः बसले. पुस्तक हातात कसं बसतं, पान कसं दिसतं, याचा हा सोस त्यांना आयुष्यभर होता. सुलेखनाचे नमुने, चित्रं, दगडातले जीवाश्म, सगळं गोळा करायचे. मुलांसाठी लिहिणाऱ्याला डोळा लागतो, आणि तो त्यांच्याकडे होता.

१९२६ साली ते परतले आणि जामियाचे प्रमुख झाले. तेव्हा वय एकोणतीस. संस्था दिल्लीला करोल बागेत हललेली, पैसा नाही, इमारत नाही, शिक्षकांचे पगार नावापुरते. अशा संस्थेने त्या काळात मुलांचं मासिक चालवलं, ‘पयाम-ए-तालीम’, आणि मकतबा जामियातर्फे मुलांची पुस्तकं काढली. मुलांच्या पुस्तकांना शेवटचा पैसा द्यायचा, तोही उरला तर, हा आपल्याकडचा रिवाज. जामियाने तो पाळला नाही.

आता वर्धा.

२२ आणि २३ ऑक्टोबर १९३७. वर्ध्याच्या मारवाडी विद्यालयाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. गांधीजींचं म्हणणं ‘हरिजन’मधून आधीच लोकांपुढे आलं होतं. शिक्षण हस्तोद्योगातून द्यावं, आणि मुलांनी केलेल्या मालातून शाळेचा, निदान शिक्षकाच्या पगाराचा, खर्च निघावा. परिषदेला आलेल्यांपैकी बहुतेकांना गांधीजींपुढे मान डोलवायची सवय होती. झाकिर हुसेन उठले आणि नम्रपणे पण स्पष्ट बोलले. हातांच्या कामातून शिकवणं ही कल्पना शिक्षणशास्त्राला नवी नाही, हे त्यांनी सांगितलं. आणि कमाईवर फार जोर दिला तर शिक्षक गुलामांच्या मुकादमासारखे होतील, गरिबांच्या पोरांच्या श्रमांवर शाळा चालेल, असा इशारा दिला.

गांधीजींनी काय केलं? समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. मला यात दोघांचाही मोठेपणा दिसतो, पण गांधीजींच्या हुशारीचाही वाटा आहे. शंका घेणाऱ्यालाच मसुदा लिहायला बसवलं की मसुदा पक्का होतो. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, कुमारप्पा, श्रीकृष्णदास जाजू, के. टी. शाह, ख्वाजा गुलाम सय्यदैन, आशादेवी अशी माणसं होती आणि आर्यनायकम निमंत्रक होते. अवघ्या सहा आठवड्यांत, २ डिसेंबर १९३७ ला अहवाल तयार झाला. सात ते चौदा वयापर्यंत मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एखाद्या मूलोद्योगाभोवती गुंफलेलं. आणि परिषदेत दिलेला तो इशारा अहवालातही आला: पैशाच्या बाजूवर भर देताना शिक्षणाची बाजू मारली जाण्याचा धोका आहे.

या अहवालातल्या अभ्यासक्रमाची यादी लोक ‘सूतकताई, शेती, सुतारकाम’ इथेच वाचायचं थांबवतात. पुढे गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान आहे, दोन्ही लिपींतून हिंदुस्तानी आहे, संगीत आहे आणि चित्रकला आहे. आकार आणि रंग ओळखायला डोळा तयार व्हावा म्हणून चित्रकला. गांधीजींचंही मत असंच होतं. स्वतःच्या वाईट अक्षराची खंत त्यांनी आत्मचरित्रात नोंदवली आहे आणि मुलाला अक्षर गिरवायला देण्याआधी चित्र काढायला शिकवावं असं सुचवलं आहे. अक्षरसुद्धा आधी चित्र म्हणूनच बघावं. चरखेवाल्या म्हाताऱ्याला कलेशी काय देणंघेणं असं मानणाऱ्यांनी हे वाचावं.

फेब्रुवारी १९३८ मध्ये हरिपुरा काँग्रेसने ही योजना मान्य केली. आणि इथे एक योग जुळून आला आहे, ज्याच्याकडे कुणी फारसं बघत नाही. ज्या मांडवात हा ठराव झाला त्या हरिपुऱ्याच्या कमानी आणि भिंती नंदलाल बोस आणि त्यांच्या विद्यार्थ्यांच्या चित्रांनी सजल्या होत्या. शिंपी, कुंभार, पिंजारी, ढोल वाजवणारे, स्वयंपाक करणाऱ्या बाया. हातांनी काम करणारी माणसं, ठळक रेषेत, मातीच्या रंगांत. ठरावात जे गद्यात होतं ते भिंतीवर रंगात होतं. या नंदलाल बाबूंनीच १९३० साली रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बंगाली मुळाक्षरांच्या पुस्तकाला चित्रं दिली होती. बंगालमधली कितीतरी पिढ्यांची मुलं त्या काळ्यापांढऱ्या चित्रांवर बोट ठेवून वाचायला शिकली.

नंदलालांचा एक विद्यार्थी पुढे वर्ध्याला आला. देवीप्रसाद, मूळचे डेहराडूनचे, १९२१ चा जन्म. शांतिनिकेतनच्या कलाभवनात शिकून १९४४ साली ते सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघात चित्रकलेचे शिक्षक म्हणून रुजू झाले आणि १९६२ पर्यंत राहिले. या संघाची स्थापना १९३८ ची, पहिले अध्यक्ष झाकिर हुसेन. गोष्ट सांगणारा अध्यक्ष आणि चित्र काढणारा शिक्षक, असा हा जोड. दोघांनी मिळून एखादं पुस्तक काढलं असतं तर, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. तसं झालं नाही. पण दोघांचा मुलांकडे बघायचा डोळा एकाच मातीचा होता.

देवीप्रसाद मुलांना चित्रं उतरवून काढायला लावत नसत. फळ्यावर मोर काढायचा आणि चाळीस मुलांनी चाळीस तसेच मोर काढायचे, ही आपल्या शाळांची जुनी रीत. ती त्यांना मान्य नव्हती. मूल बघतं, आठवतं, मनात रचतं आणि मग कागदावर आणतं, यात शिक्षकाने दुरुस्तीचा हात घालू नये असं ते म्हणत. ते स्वतः कुंभारकाम करणारे होते, त्यामुळे सेवाग्रामच्या मुलांच्या हाती रंगांबरोबर मातीही आली. हा सगळा अनुभव त्यांनी आधी हिंदीत लिहिला आणि पुढे नॅशनल बुक ट्रस्टने इंग्रजीतही छापला, १९९८ साली. कला हा शिक्षणाचा पाया आहे, हे त्या पुस्तकाचं नावच आहे. १९६२ नंतर ते लंडनला गेले, युद्धविरोधकांच्या जागतिक संघटनेचे सरचिटणीस आणि नंतर अध्यक्ष झाले, परत येऊन दिल्लीत चाकावर बसले. २०११ साली गेले. वर्ध्याच्या चित्रकला शिक्षकांपैकी किती जणांना हे नाव माहीत असेल? सेवाग्रामला येणारे पर्यटक बापूकुटीपुढे फोटो काढतात आणि नई तालीमच्या आवाराकडे न वळता परत जातात. तिथे २००५ पासून आनंद निकेतन ही मराठी माध्यमाची शाळा चालते, तेवढं तरी बघून यावं.

पण झाकिर साहेबांना वर्धा फुकट पडलं नाही. योजना जाहीर झाल्यावर मुस्लिम लीगने तिच्यावर हल्ला चढवला. तिच्यात धार्मिक शिक्षणाला जागा नाही, ती मुसलमान मुलांना त्यांच्या तहजीबेपासून तोडेल, असा प्रचार झाला. तेव्हाच्या मध्य प्रांतात, म्हणजे आपल्याकडेच, रविशंकर शुक्लांची ‘विद्या मंदिर’ योजना आली आणि त्या नावातल्या ‘मंदिर’ शब्दाने आगीत तेल ओतलं. वर्धा योजना आणि विद्या मंदिर योजना या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. प्रचारात त्या एक झाल्या. १९३८ अखेरच्या पिरपूर अहवालात काँग्रेस मंत्रिमंडळांविरुद्ध ज्या तक्रारी मांडल्या गेल्या त्यांत शिक्षणही होतं. खरं बोलायचं तर काही तक्रारींत तथ्य होतं. ज्या खेड्यात दोन्ही समाजांची मुलं येणार तिथल्या शाळेला मंदिर म्हणण्याचा हट्ट कशाला हवा होता? नावात उदारपणा दाखवणं काँग्रेसवाल्यांना जड जायला नको होतं. पण या सगळ्याचं खापर फुटलं त्या माणसावर, ज्याने स्वतःचं अख्खं तारुण्य एका मुस्लिम संस्थेसाठी जाळलं होतं, आणि जो तिथे दीनियातही शिकवायची सोय करत होता.

१९४६ मध्ये अंतरिम सरकारात काँग्रेसतर्फे झाकिर हुसेन यांचं नाव निघालं तेव्हा जिनांनी व्हाइसरॉय वेव्हेलना सांगितलं की हा घरभेदी आहे, तो आम्हाला चालणार नाही. आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात, दिल्लीत दंगलींचं सावट असताना, जामियाच्या रौप्यमहोत्सवाला याच माणसाच्या निमंत्रणावरून एका मंचावर नेहरू, आझाद आणि जिना, लियाकत अली बसले. तसं पुन्हा झालं नाही. झाकिर साहेबांनी त्या सगळ्यांना हात जोडून विनवलं की द्वेषाची आग लागली आहे, ती कुणी लावली हे नंतर ठरवा, आधी विझवा. या आगीत मुलं वाढवायची कशी? राजकारण्यांपुढे उभं राहून हा माणूस बोलला ते मुलांविषयीच.

पुढच्याच वर्षी, १९४७ च्या फाळणीच्या दिवसांत, काश्मीरकडे जाताना जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना पकडलं. एक शीख लष्करी अधिकारी आणि एक हिंदू रेल्वे अधिकारी मध्ये पडले म्हणून ते वाचले. एका बाजूला घरभेदी, दुसऱ्या बाजूला नुसताच मुसलमान. ही दोन्ही टोकं आजही आपल्या ओळखीची आहेत, म्हणून त्यावर जास्त लिहीत नाही. चाँदनीची गोष्ट त्यांनी याच्या कितीतरी आधी लिहिली होती. स्वातंत्र्यलढ्याचं रूपक म्हणून ती तेव्हा वाचली गेली, आणि ते बरोबरच होतं. पण झाडावरच्या पाखरांचा वाद मला १९४७ नंतर जास्त खरा वाटतो. जिंकलं कोण हे संख्येने ठरतं का, हा प्रश्न तेव्हाच्या राष्ट्रवादी मुसलमानांपुढे रोज होता.

नंतर पदं आली. अलिगडचं कुलगुरूपद, बिहारचं राज्यपालपद, १९६२ ला उपराष्ट्रपती, १९६३ ला भारतरत्न, १९६७ ला राष्ट्रपती. वर्धा योजनेचं मात्र देशभर भजं झालं. फाइलीत ‘बुनियादी शाळा’, प्रत्यक्षात कोपऱ्यात धूळ खाणाऱ्या टकळ्या. हे सांगायला त्यांनी दुसऱ्या कुणाची वाट पाहिली नाही. १९५८ च्या पटेल स्मृती व्याख्यानांत बुनियादी शिक्षणाच्या नावाखाली जे चाललं होतं त्याबद्दल ते स्वतःच कडक बोलले. ३ मे १९६९ ला राष्ट्रपतिपदावर असतानाच त्यांचं निधन झालं. दफन जामियाच्या आवारात, मुलांच्या येण्याजाण्याच्या वाटेवर.

मराठी घरांत या गोष्टी सांगायच्या असतील तर माझा अनुभव असा. पाच-सहा वर्षांच्या मुलाला आधी पळालेली पुरी द्यावी, मग अजमेरची कोंबडी. वीतभर मिय्याँची गोष्ट हिवाळ्यात, गरम बटाटा हातात देऊनच सांगावी, तिची अर्धी गंमत फुंकरीत आहे. चाँदनी नऊ-दहा वर्षांच्या आत नको. आणि सांगताना अजानची जागा बदलून देवळातली घंटा करायची काही गरज नाही, माझ्या ओळखीच्या एका शेजीबाईंनी ती आहे तशीच सांगितली आणि त्यांच्या नातवाने एकच प्रश्न विचारला: त्या म्हाताऱ्या चिमणीला कसं कळलं?